१०८ अंशांची भीती

शेव्हरोले कॉर्व्हेटच्या पाचव्या पिढीतल्या गाड्या १९९७ ते २००४ या काळात अमेरिकेत केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात तयार झाल्या. या गाडीत डॅशबोर्डवरचे एक बटण दाबले की कूलंटचे तापमान काट्याऐवजी थेट आकड्यात दिसते. मोकळ्या हायवेवर हा आकडा १९० ते २०० फॅरनहाइट, म्हणजे ८८ ते ९३ अंश सेल्सियसच्या आसपास राहतो. गाडी सिग्नलच्या रांगेत अडकली की तो चढू लागतो. ९५ होतात, १०० होतात, १०५ होतात आणि पंख्याचा आवाज काही येत नाही. पाणी १०० अंशांना उकळते हे शाळेपासून पाठ असलेल्या माणसाचा जीव इथे टांगणीला लागतो. अखेर २२६ फॅरनहाइटला, म्हणजे १०८ अंशांना, दोन्ही पंखे मंद गतीने सुरू होतात आणि २३५ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ११३ अंशांच्या पुढे ते पूर्ण वेग घेतात. यात बिघाड काही नसतो. कारखान्याने गाडीच्या संगणकात हेच आकडे घालून ती ग्राहकाला दिलेली असते. तरीही हे आकडे खाली आणून देणाऱ्या ट्यूनिंगचा आणि कमी तापमानाला उघडणाऱ्या थर्मोस्टॅटचा अमेरिकेत एक स्वतंत्र बाजार उभा राहिला. ही धास्ती कुठून येते, तिच्यात तथ्य किती, आणि स्पोर्ट्स कारच्या इंजिनाला ‘नॉर्मल’ तापमान नेमके कशाला म्हणायचे, हा सगळा प्रश्न एकदा नीट तपासण्यासारखा आहे. माझे म्हणणे असे की नॉर्मल तापमान हा एक आकडा नसून एक पट्टा असतो. त्याची खालची हद्द थर्मोस्टॅट राखतो आणि वरची पंखा. इंजिनाची तब्येत कळते ती या पट्ट्यात तापमान कसे हलते यावरून; एखाद्या क्षणी दिसलेल्या आकड्यावरून नव्हे.

भीतीचे मूळ जुन्या गाड्यांत आहे, आणि त्या काळी ती रास्तच होती. सुरुवातीच्या मोटारींचे रेडिएटर वातावरणाला उघडे असत. पाणी गोठू नये म्हणून थंड प्रदेशांत त्यात अल्कोहोल मिसळत. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे इंजिन गार ठेवणे भागच होते. नाहीतर महागडे द्रावण वाफ होऊन उडून जाई. १६० फॅरनहाइटचा, म्हणजे ७१ अंशांचा थर्मोस्टॅट हे त्या काळाचे अपत्य. १९२७ मध्ये अमेरिकेत एथिलीन ग्लायकॉल ‘प्रेस्टोन’ या नावाने बाजारात आले आणि हे कारण संपले; सवय मात्र टिकून राहिली. आपल्याकडे कसारा किंवा खंबाटकीचा घाट चढताना बॉनेट उघडून कडेला उभ्या केलेल्या गाड्या हे एके काळी नेहमीचे दृश्य होते. घाटात गाडी तापते आणि तापली की थांबवायची, हे शहाणपण त्या गाड्यांच्या पिढीने पुढच्या पिढीला दिले. त्यात चूक काही नव्हती. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळू लागते, तेव्हा काटा नव्वदीच्या वर गेला की हाताशी फारसे काही उरत नसे.

आजच्या गाडीत परिस्थिती मुळातून वेगळी आहे, कारण कूलिंग सिस्टीम बंद आणि दाबाखाली असते. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभराच्या पुढे जाऊनही पाणीच राहते, तेच इथे घडते. पाणी आणि ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावर साधारण १०६-१०७ अंशांना उकळते; झाकणाने दर चौरस इंचाला १५ पौंड दाब धरून ठेवला तर हीच मर्यादा १२९ अंशांच्या जवळ जाते. म्हणजे कॉर्व्हेटचे पंखे पूर्ण वेगाने फिरू लागतात तेव्हाही उकळण्यापासून सुमारे १५ अंशांचे अंतर शिल्लक असते. मात्र हे सगळे झाकणाच्या रबरी सीलवर आणि होजच्या पकडीवर अवलंबून आहे. झाकण दाब धरत नसेल तर तेच १०८ अंश खरोखरच धोक्याचे ठरतात. गाडी तापते म्हणून पंखा बदलणारे, रेडिएटर बदलणारे पुष्कळ असतात; पहिल्यांदा झाकण तपासणारे कमी. माझ्या मते या विषयात सर्वात दुर्लक्षित भाग कुठला असेल तर हा.

उकळत नाही एवढ्याने प्रश्न मिटत नाही. शक्य असूनही निर्मात्याने इंजिन इतके गरम का ठेवावे, हा पुढचा प्रश्न. याचे उत्तर बरेचसे साध्या गणितात आहे. पेट्रोल इंजिनात जळालेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश काम करते, एक तृतीयांश एक्झॉस्टमधून बाहेर जाते आणि उरलेली बहुतेक कूलंटवाटे बाहेर टाकावी लागते. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यातली ४५ अंशांची हवा धरा. कूलंट ९० अंशांवर असेल तर फरक ४५ चा, १०८ वर असेल तर ६३ चा. म्हणजे तोच रेडिएटर, तेवढ्याच हवेत, ४० टक्के जास्त उष्णता बाहेर टाकतो. गरम कूलंट ही इथे रेडिएटरची ताकद आहे. विमानाच्या अभियंत्यांना हे फार पूर्वी उमगले होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून लढाऊ विमानांच्या इंजिनांत पाण्याऐवजी ग्लायकॉल वापरून कूलंट शंभराच्या वर न्यायला सुरुवात झाली, ती रेडिएटर लहान करता यावा आणि हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणूनच.

स्पोर्ट्स कारची अडचण विमानासारखीच आहे. नाक बुटके हवे, समोरचे तोंड लहान हवे, आणि इंजिन मात्र दणकट. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपचे सौंदर्य तिच्या त्या लांबट, चिंचोळ्या तोंडात आहे. पण त्याच तोंडामुळे ती शहरी ट्रॅफिकमध्ये तापण्यासाठी बदनाम झाली. तिला इलेक्ट्रिक पंखा पहिल्यापासून होता. तरीही दुसऱ्या मालिकेत, १९६८ मध्ये, तोंड मोठे करावे लागले आणि दोन पंखे द्यावे लागले. पाचव्या पिढीच्या कॉर्व्हेटने आणखी वेगळा मार्ग धरला. तिला समोर जाळी जवळजवळ नाहीच. ती बंपरखालून हवा ओढते आणि जमिनीलगत टांगलेली एक लवचीक पट्टी ती हवा वर रेडिएटरकडे वळवते. दिसायला क्षुल्लक असलेली ही प्लास्टिकची पट्टी फुटपाथच्या कडेला घासून तुटली तर गाडी शहरात ठीक चालते आणि हायवेवर तापते. शिवाय रस्त्यावरचा पालापाचोळा आणि प्लास्टिकच्या पिशव्या याच वाटेने वर जाऊन एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये अडकतात. बाहेरून काहीच दिसत नाही आणि आत अर्धा रेडिएटर बुजलेला असतो.

पाण्याशिवाय भागवणारी परंपराही होती आणि तिचा शेवट कसा झाला हे या वादात बोधप्रद आहे. पोर्शे ९११ ने १९६३ पासून १९९८ पर्यंत इंजिनावर बसवलेल्या, पट्ट्याने फिरणाऱ्या मोठ्या पंख्यावर आणि भरपूर तेलावर काम निभावले. या पंख्याला सुरू होण्याचे ठरलेले तापमान नव्हतेच. इंजिन फिरते तसा तो फिरे. पण एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह दिले की हेडमध्ये एक्झॉस्टच्या दोन वाटांमधला धातूचा पूल इतका तापतो की नुसती हवा त्याला पुरत नाही. म्हणूनच १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये सिलिंडर हवेने आणि हेड पाण्याने थंड करण्याची जोड व्यवस्था आली, आणि पुढच्या दशकात ९११ संपूर्णपणे पाण्यावर गेली. यातून कळते ते असे की कूलिंगचे खरे काम हेडमधल्या काही मोजक्या जागा सांभाळण्याचे आहे. शेव्हरोलेने १९९२ च्या एलटी१ इंजिनात कूलंटचा प्रवाह उलटा करून थंड पाणी आधी हेडला दिले, त्यामागे हेच कारण होते. त्यामुळे नॉकिंग न होता कॉम्प्रेशन वाढवता आले. म्हणजे सेन्सर ज्या एका ठिकाणचे तापमान सांगतो ते सगळ्या इंजिनाचे तापमान नव्हे. पाचव्या पिढीच्या कॉर्व्हेटमधल्या एलएस१ इंजिनात थर्मोस्टॅट वॉटर पंपाच्या येणाऱ्या बाजूला आहे आणि सेन्सर हेडमध्ये. ८६ अंशांचा थर्मोस्टॅट असून आकडा ९० च्या वर का दिसतो, असा प्रश्न पडणाऱ्याला उत्तर या रचनेत सापडते. थर्मोस्टॅट आत शिरणारे पाणी मोजतो, सेन्सर हेडमधून फिरलेले.

आता खालच्या हद्दीकडे वळू, कारण गारठ्याचे नुकसान दिसत नाही आणि म्हणून त्याची कोणी दखल घेत नाही. इंधन जळताना पाणी तयार होते. सिलिंडरची भिंत थंड असेल तर ती वाफ तिथेच दवासारखी धरते, आम्लयुक्त होते आणि धातू खाते. सिलिंडरची झीज थंड चालणाऱ्या इंजिनात झपाट्याने वाढते हे ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९३० च्या दशकातच दाखवून दिले होते. न जळलेले पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून तेलात मिसळते. हे पाणी आणि पेट्रोल उडून जायचे तर तेल शंभराच्या आसपास पोचले पाहिजे, आणि तेल कूलंटच्या बरेच मागे असते. पाच-सात मिनिटांत कूलंटचा काटा जागेवर येतो तेव्हा तेल अजून अर्ध्या वाटेवर असते. बीएमडब्ल्यूने ई३९ एम५ आणि ई४६ एम३ या गाड्यांच्या टॅकोमीटरवर नारिंगी दिव्यांची रांग दिली. तेल तापत जाईल तसा एकेक दिवा विझे आणि इंजिन किती फिरवायला हरकत नाही हे कळे. ज्यांनी ही इंजिने घडवली त्यांना तापण्याइतकीच न तापण्याची काळजी होती, याचा हा डोळ्यांसमोर ठेवलेला पुरावा आहे. त्याच कंपनीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकातल्या तक्त्यानुसार चालणारा थर्मोस्टॅट आणला. हलक्या भाराला तो कूलंट १०५ अंशांच्या घरात जाऊ देतो आणि पाय पूर्ण दाबला की विजेने तापवून लवकर उघडतो, म्हणजे जोर लागतो तेव्हा इंजिन थंड. ‘नॉर्मल’ हा पट्टा असतो, हे इथे यंत्रानेच मान्य केलेले आहे.

पंख्याबद्दलचा गैरसमज यापेक्षा साधा आहे. पंखा इंजिन थंड करतो असे आपण म्हणतो. खरे तर तो गाडीचा वेग नसताना वेगाचे काम करतो. गाडी ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे गेली की समोरून येणारी हवाच पुरेशी असते आणि पंखा फिरला काय, न फिरला काय, फरक नगण्य. विल्हेल्म मायबाखने १९०० च्या अखेरीस ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला आणि त्याच्या मागे एक छोटा पंखा बसवला, तोही कमी वेगाला हवा कमी पडते म्हणूनच. त्या रेडिएटरमुळे लागणारे पाणी ९ लिटरवर आले. सव्वाशे वर्षांत मूळ कल्पना तीच आहे. कॉर्व्हेटमध्ये मंद गतीला दोन पंखे एकामागे एक जोडले जातात आणि प्रत्येकाला निम्मे व्होल्ट मिळतात. पूर्ण गतीला रिले त्यांना समांतर जोडतात. एसी लावला की कंडेन्सरसाठी पंखे आधीच सुरू होतात, त्यामुळे एसी चालू असताना ट्रॅफिकमध्ये आकडा कमी दिसावा हेही शक्य असते आणि ते बिघाडाचे लक्षण नाही. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर शक्ती आठपट. ही शक्ती शेवटी अल्टरनेटरमार्फत इंजिनाकडूनच येते. म्हणून पुढच्या, २००५ च्या कॉर्व्हेटमध्ये दोन पायऱ्यांचा हिशेब सोडून वेग हवा तसा बदलणारा एक मोठा पंखा आला. जुन्या व्यवस्थेत तापमान वीस अंशांनी वरखाली होई, ते यामुळे बरेच सपाट झाले. टीकाकारांचे म्हणणे इथे काही अंशी खरे ठरते असे मी मानतो. १०८ अंश धोक्याचे नव्हते, पण दोन पायऱ्यांची ती व्यवस्था ओबडधोबड होती.

आक्षेपांत सर्वात वजनदार आक्षेप शक्तीचा आहे. गरम इंजिनात नॉकिंग लवकर होते; ते टाळायला संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि जोर घटतो. हे खरे आहे, आणि उन्हाळ्यात ट्रॅफिकमधून बाहेर पडताना गाडी मरगळलेली वाटते ती काही नुसती कल्पना नाही. पण त्यात मोठा वाटा आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या तापमानाचा असतो, आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर येताच दोन्ही तापमाने थोड्या वेळात उतरतात. पंखा ९८-१०० ला सुरू होईल असे ट्यूनिंग कोणी करून घेतले तर मी त्याला चूक म्हणणार नाही. चूक होते ती पंखा थर्मोस्टॅट पुरता उघडण्याआधीच सुरू करण्यात. थर्मोस्टॅट एका अंशाला फटकन उघडत नाही. ८६ ला सुरुवात करून पूर्ण उघडायला तो आणखी दहाएक अंश घेतो. त्याच्या आत पंखा लावला तर तो थांबतच नाही, मोटर आणि रिले झिजतात आणि पदरात काही पडत नाही. नुसता ७१ अंशांचा थर्मोस्टॅट बसवून पंखे तसेच ठेवले तर सिग्नलला आकडा पूर्वीइतकाच चढतो, फक्त खालून निघाल्यामुळे थोडा उशिरा. रेडिएटरची कुवत थर्मोस्टॅट वाढवू शकत नाही.

दुसरा आक्षेप शर्यतीचा: शर्यतीच्या गाड्या थंड चालवतात ना? ड्रॅग रेसमध्ये चालवतात, कारण ती काही सेकंदांत संपते आणि तेलात साचणाऱ्या पाण्याची तिथे कोणाला पर्वा नसते. फॉर्म्युला वनचे चित्र अगदी उलट आहे. तिथे दाब वाढवून कूलंट १२० अंशांच्या घरात ठेवतात, कारण लहान रेडिएटर म्हणजे हवेचा कमी अडथळा. तिसरा आक्षेप असा की हे सगळे प्रदूषणाच्या नियमांसाठी, मालकाच्या इंजिनाचा बळी देऊन चालले आहे. गरम भिंतीमुळे न जळलेले हायड्रोकार्बन घटतात हे खरे. पण तापमान वाढले की नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात, म्हणजे नियम एकाच दिशेने ढकलत नाहीत. आणि ज्या उबेमुळे धूर स्वच्छ होतो त्याच उबेमुळे तेल स्वच्छ राहते. बॉनेटखालचे होज, प्लास्टिकच्या टाक्या, वायरचे आवरण उष्णतेने लवकर कडक होतात, हा आक्षेपाचा भाग मात्र मला पूर्ण मान्य आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत ते वेळेवर बदलणे हा खर्च धरूनच चालावे लागते.

आणि सगळ्या इंजिनांना एकच पट्टा लावता येत नाही. तिसऱ्या पिढीच्या माझदा आरएक्स-७ मध्ये, १९९२ ते २००२ च्या त्या देखण्या गाडीत, रोटरी इंजिनाचे कूलंट सील उष्णतेला फार नाजूक असतात आणि दोन टर्बोंची धग शेजारीच असते. तिचेही मूळचे पंखे शंभराच्या बऱ्याच वर सुरू होत. तिथे ते आधी सुरू करून घेणारा मालक भित्रा नव्हे, सावध म्हणायला हवा.

खरे तापणे कसे ओळखायचे, हा यातला सर्वात उपयोगाचा भाग. थांबलेल्या गाडीत आकडा चढतो आणि चालू लागल्यावर उतरतो, पण पंखा फिरलाच नाही किंवा पंखा फिरूनही चढण थांबली नाही, तर मोटर, रिले, फ्यूज किंवा रेडिएटरसमोरचा कचरा पाहावा. शहरात ठीक आणि हायवेवर तापते, तर पंख्याचा संबंध नाही. रेडिएटर आतून चोंदला आहे, पंप दमला आहे किंवा खालची ती पट्टी गेली आहे. आकडा उगाच वरखाली उड्या मारत असेल तर आत हवा अडकली आहे किंवा कूलंट कमी आहे. हायवेवर ७० च्या वर जातच नाही, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे, आणि हीसुद्धा दुरुस्त करण्याचीच गोष्ट आहे. सर्वात फसवी अवस्था म्हणजे कूलंट पार गळून गेल्याची. तेव्हा सेन्सर पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि आकडा चक्क खाली येऊ शकतो, इकडे ॲल्युमिनियमचे हेड वाकत असते. हीटर लावून गार हवा येऊ लागली तर क्षणाचा विचार न करता इंजिन बंद करावे. आणि गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. १०८ अंशांचे पाणी दाब सुटताच वाफ होऊन अंगावर येते.

हे सगळे ओळखायचे तर आकडा दिसायला हवा, आणि निर्मात्यांनी नेमका तोच लपवला. बीएमडब्ल्यूच्या ई४६ मालिकेत काटा साधारण ७५ पासून ११५ अंशांपर्यंत मधोमध खिळलेला राहतो. माझदाच्या त्या आरएक्स-७ चा काटाही असाच मधे थबकतो आणि हलतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. यामागचा हेतू मला समजतो. काटा जरा हलला की लोक गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरवर येत आणि गाडीत काही दोष नसे. पण मालकाची भीती जावी म्हणून त्याच्यापासून माहितीच काढून घ्यायची, हे मला पटत नाही. कॉर्व्हेटने आकडा दाखवला हे बरोबर केले. त्या आकड्याशेजारी पंखा केव्हा सुरू होतो, एसीने काय बदलते आणि कुठल्या आकड्याला गाडी थांबवायची, एवढे मालकाच्या पुस्तिकेत ठळक छापले असते, तर थर्मोस्टॅट बदलून देणाऱ्या बाजाराचा मोठा भाग उभाच राहिला नसता. आता अनेक स्पोर्ट्स कारमध्ये कूलंट, तेल आणि गिअरबॉक्स यांची तापमाने पडद्यावर वेगवेगळी दिसतात, बंद केल्यानंतरही टर्बोसाठी पंखा काही मिनिटे चालू राहतो. विजेवर चालणारा वॉटर पंप आल्यापासून तर प्रवाहसुद्धा इंजिनाच्या फेऱ्यांपासून सुटला आहे. थर्मोस्टॅट, पंप आणि पंखा हे तिन्ही संगणकाच्या हातात असलेल्या गाडीत आकडा ९० आणि ११० च्या दरम्यान दिवसातून कितीतरी वेळा मुद्दाम हलवला जातो.